आफ्रिकेत तरस सिंहांची शिकार पळवतात, की सिंह तरसांची?

दोन्ही घडते, मात्र तरस केवळ उष्ट्यावर जगतो हा समज आपल्याकडच्या पट्टेदार तरसाला बराचसा लागू पडला, तरी आफ्रिकेतील ठिपकेदार तरसावर तो अन्यायच आहे. टांझानियातील न्गोरोंगोरो विवरात १९६० च्या दशकात प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रुक यांनी रात्री पाळत ठेवली, तेव्हा सकाळी ज्या शिकारीवर सिंह ताव मारत असत आणि तरस भोवती ताटकळत असत, ती पुष्कळदा तरसांनीच केलेली असल्याचे आढळले. तरसांचा कल्लोळ ऐकून सिंह येतात आणि आयते भक्ष्य बळकावतात. सिंहिणी मोजक्याच असून सोबत नर नसेल, तर तरसांची मोठी टोळी त्यांनाही हुसकावून लावते. चित्ता मात्र आपली शिकार कोणी बळकावू लागले तरी सहसा भांडतच नाही, कारण पाय जायबंदी झाल्यास पुढची शिकारच साधणार नाही.