साडेतीन वर्षांचा मुलगा मोबाइलशिवाय जेवत नाही, सासूबाई ऐकत नाहीत. काय करू?

तुमच्या प्रश्नात दोन गुंते आहेत. मुलगा मोबाइल लावल्याशिवाय घास घेत नाही, आणि तुम्ही ऑफिसला गेलात की सासूबाई ‘लेकराला उपाशी ठेवू का?’ म्हणत मोबाइल लावूनच भरवतात. खरा अवघड गुंता दुसरा, पण आधी भुकेचं बघू.

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळपास तिप्पट होतं, तीनाचं नऊ किलो. दोन वर्षांनंतर ते वर्षाला साधारण दोनच किलोने वाढतं. वाढ मंदावली की भूकही उतरते, आणि नवी चव नाकारण्याचं वयही नेमकं हेच. ‘आधी सगळं खायचा, आता तोंडच उघडत नाही’ असं घरोघरी ऐकू येतं ते यामुळे. मोबाइल लावला की तोंड आपोआप उघडतं, कारण लक्ष पडद्यावर असतं. पण पोट भरलं की नाही इकडेही मग त्याचं लक्ष नसतं. वाटी रिकामी होते, भूक ओळखून जेवायला शिकणं राहून जातं.

पोटात दिवसभरात काय काय जातं ते एक दिवस लिहून काढा. सकाळी मोठा मग भरून दूध, अकराला बिस्किटं आणि साडेबाराला वरणभात, असं असेल तर भूक लागणार कधी? दूध दिवसाला 400 ते 500 मिली पुरे. त्याहून जास्त दुधाने भूक मरते, शिवाय शरीरात लोह कमी पडण्याची भीती. दोन खाण्यांत अडीच-तीन तास जाऊ द्या, मधे फक्त पाणी.

मोबाइल तिन्ही वेळचा एकदम बंद करायला जाऊ नका, निभणार नाही. रात्रीचं जेवण घ्या, कारण तेव्हा तुम्ही दोघं घरी असता. त्या वेळी मोबाइल कुणाच्याच हातात नको, बाबांच्याही नको, आणि टीव्ही बंद. मुलगा सगळ्यांबरोबर बसेल, स्वतःच्या हाताने खाईल, सांडेल. वाढताना हात आखडता घ्या: वयाच्या एका वर्षाला एक मोठा चमचा धरा. म्हणजे तीन चमचे भात, तीन चमचे वरण, थोडी भाजी. तो हमखास खातो असा एक तरी पदार्थ ताटात हवा. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचला आणि शांतपणे म्हणा, ‘पोट भरलं वाटतं. आता सकाळी नाश्ता.’ झोपताना दूध देत असाल तर रोजच्याइतकंच द्या. जेवला नाही म्हणून एक घोटही वाढवू नका. बहुतेक घरी सगळं फिसकटतं ते इथेच.

पहिले काही दिवस रडणं वाढेल. उपाय फसला म्हणून नव्हे. आजवर रडून जे मिळत होतं ते मिळेना, म्हणून तो जोर वाढवून बघतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत ज्या कबुतरांना चोच मारल्यावर कधी दाणा मिळे, कधी मिळत नसे, ती दाणा पूर्ण बंद झाल्यावरही कितीतरी वेळ चोच मारत राहत. दर वेळी दाणा मिळणारी त्यामानाने लवकर थांबत. घरातही तेच. चाळीस मिनिटं रडल्यावर ‘जाऊ दे बाई, घे’ म्हणून मोबाइल दिलात, तर चाळीस मिनिटं रडावं लागतं एवढंच तो शिकेल. चौथ्या दिवशी हात टेकणार असाल, तर सुरूच न केलेलं बरं. रडताना जवळ बसा, पाठीवरून हात फिरवा, पण मोबाइलवर वाटाघाटी नकोत.

‘जेवलास तर मोबाइल’ हा सौदाही नको; त्यात जेवण म्हणजे शिक्षा आणि मोबाइल म्हणजे बक्षीस होऊन बसतं. आग्रहही उलटतो. अमेरिकेत लीअन बर्च आणि सहकाऱ्यांच्या 2006 सालच्या अभ्यासात, ‘सूप संपव’ असं सारखं म्हटलं की लहान मुलं सूप कमी प्यायली आणि त्याला नावंही जास्त ठेवली. नवी भाजी एक-दोनदा नाकारली म्हणून सोडू नका. दहा-पंधरा वेळा नुसती ताटात दिसू दे.

आता सासूबाई. त्यांच्याशी बोलायचं तुमच्या नवऱ्याने, तुम्ही नाही. तुम्ही सांगितलंत की ती सुनेची तक्रार होते. मुलगा बोलला तर निदान ऐकून तरी घेतलं जातं. बोलणं नातवासमोर नको, आणि ‘आई, तू लाड करून बिघडवलंस’ अशी सुरुवात तर अजिबात नको. त्यांची भीती खरी आहे. पोरगं वाळलं की येणारा-जाणारा बोल लावतो तो सांभाळणाऱ्याला. म्हणून डॉक्टरांकडे वजन करायला त्यांनाही न्या आणि वाढीचा तक्ता डॉक्टरांनाच समजावून सांगू दे. रेषा ठीक चालली आहे हे स्वतः पाहिलं की हात सैल सुटतो. मग त्यांना नुसती मनाई करू नका, काम द्या: दुपारी त्यांनी आपलं ताट घेऊन त्याच्यासोबत जेवायला बसायचं. भातावर तूप त्यांच्या हातचंच असू दे, त्यावरून वाद घालू नका. चिऊकाऊच्या घासांनाही हरकत नाही, फक्त मान फिरवली की घास थांबला पाहिजे. रात्रीचं जेवण दोन-तीन आठवडे नीट चाललं की दुपारच्या जेवणाचा मोबाइल बंद करा, आणि तो दिवस त्यांनाच ठरवू द्या.

मात्र वजन घटत असेल किंवा तक्त्यावरची रेषा खाली घसरत असेल, घास चावताना सारखा ठसका लागत असेल, माती-खडू खात असेल किंवा मोजके चार-पाच पदार्थ सोडून कशालाच हात लावत नसेल, तर यातलं काही करण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.