माझ्या मुलीला दुसऱ्यांच्या भांडणात कशाला घालता?

"मॅडम, घरी आम्ही तिला सांगतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात राहायचं नाही. आणि शाळेत तुम्ही तिलाच मध्ये बसवताय." आठवीतल्या एका मुलीची आई माझ्याकडे आली होती. आमच्या शाळेत मुलांची लहानसहान भांडणं मिटवायला मुलांमधलेच मध्यस्थ बसतात; हा उपक्रम मी पाहते आणि त्यांची मुलगी त्यातली एक मध्यस्थ. एक मुलगा मुलीला 'मोठी न्यायाधीश लागून गेलीस' म्हणाला होता आणि ती घरी जाऊन रडली होती. सासरे 2007 नंतर गावच्या तंटामुक्त समितीत होते, त्यांनाही लोक असंच बोलायचे, हेही आईंनी सांगितलं.

त्यांची काळजी खरी होती. चौकशी केली तर चूक आम्हा मोठ्यांचीच निघाली. वर्गशिक्षिका तिलाच फळ्यावर गडबड करणाऱ्यांची नावं लिहायला उभी करत होत्या. सकाळी नावं लिहिणारी मुलगी मधल्या सुट्टीत 'मनातलं सांग' म्हणाली, तर कोण सांगेल? शाळाशाळांतले असे उपक्रम मी इथेच कोलमडताना पाहिले आहेत. मध्यस्थाचा मॉनिटर झाला की संपलं. त्याच दिवशी तिचं मॉनिटरपद काढून घेतलं.

मग आईंना एक प्रसंग सांगितला. सातवीतले दोघं पाण्याच्या बाटलीवरून हातघाईवर आले होते. त्यांच्या मुलीने निवाडा दिला नाही. मध्यस्थ नेहमी जोडीने बसतात, तसा शेजारी दुसरा मध्यस्थ होता. तिने एवढंच विचारलं, "तो आत्ता काय म्हणाला, ते तुझ्या शब्दांत सांग." पोरगा बराच वेळ बाटलीचा पट्टा पिळत राहिला. मग म्हणाला, "मी सगळ्यांसमोर जाड्या म्हटलं, ते त्याला लागलं." बाटलीचा विषय तिथेच मिटला. वहीत दोघांनी लिहिलं: चिडवायचं नाही, तुटलेलं झाकण उद्या आणून द्यायचं. 'सॉरी म्हण' असं कुणी म्हटलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटलं.

"आणि काही भलतंच समोर आलं तर?" आईंचा हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एकाला सगळ्यांनी मिळून छळणं, पैसे उकळणं, धमकी, नको तिथे स्पर्श, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, यांतलं काहीही मुलांनी हाताळायचं नाही. छळणारा आणि छळ सोसणारा यांना समोरासमोर बसवून 'मिटवा' म्हणणं म्हणजे दुबळ्याला पुन्हा एकटं पाडणं. मुलांनी उठून थेट माझ्याकडे यायचं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची तक्रार पोलिसांकडे देणं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने आम्हा मोठ्यांवर बंधनकारकच आहे. एरवीही एक शिक्षक हाकेच्या अंतरावर असतो, आणि दर शुक्रवारी मी मध्यस्थांसोबत बसते. ते ओझं मुलांनी घरी न्यायचं नसतं.

मध्यस्थ आम्ही आठवीतून घेतो. नववीत तेच नव्यांना शिकवतात, दहावीत मोकळे होतात. नाहीतर एक तुकडी गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आईंनी संमतीपत्रावर सही केली आणि खाली लिहिलं, "परीक्षेच्या आठवड्यात नको." तो नियम मी सगळ्याच मध्यस्थांना लावला.