लेखनशंका : संपादकांनी परत पाठवलेला लेख

प्रश्न : मी ठाणे जिल्हा न्यायालयात बारा वर्षे वकिली करते. मानीव अभिहस्तांतरणावर (बिल्डरने करून दिले नाही तरी जमीन-इमारत सोसायटीच्या नावे होण्याच्या तरतुदीवर) लिहिलेला माझा लेख एका विधिविषयक मासिकाने ‘वादपत्रासारखा वाटतो’ असा शेरा मारून परत पाठवला. लेखातील कायदा बिनचूक आहे, मग चुकले कुठे? पहिले पान सोबत जोडले आहे.
एक वकील वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : पान दोनदा वाचले. कायद्यात खरोखरच चूक नाही आणि शेराही खोटा नाही. वादपत्रात, म्हणजे दावा दाखल करताना न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनात, जे मांडले नाही त्यावर पुढे पुरावा देता येत नाही, या धास्तीने वकिलाचा हात काहीच सोडायला तयार नसतो. समोरचा पक्ष प्रत्येक शब्दाला फाटे फोडणार हे गृहीत धरून आपण वाक्याला चारही बाजूंनी कुंपण घालतो. लेखाला मात्र विरुद्ध पक्ष नसतो. तो वाचणारा वकील दोन तारखांच्या मध्ये बार रूममध्ये बसून वाचतो, आणि कंटाळला तर हरकत नोंदवत नाही, पान उलटतो. (खरे तर वादपत्रही आटोपशीरच असावे, अशी दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ ची अपेक्षा आहे. ऑर्डर ६, नियम २ महत्त्वाच्या वस्तुस्थितीचे संक्षिप्त निवेदन मागतो, पुरावा नव्हे. आपण ते विसरलो आहोत, एवढेच.)

आपले पहिलेच वाक्य पाहू : ‘सदरहू मिळकतीवर उभारण्यात आलेल्या इमारतीतील सदनिकाधारकांनी स्थापन केलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या नावे, महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका अधिनियम, १९६३ च्या कलम ११ अन्वये प्रवर्तकावर बंधनकारक असलेले अभिहस्तांतरण विहित मुदतीत करून न दिले गेल्यास, संस्थेस सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येईल, अशी तरतूद सन २००८ च्या सुधारणेन्वये करण्यात आलेली आहे.’ ‘सदरहू’ कोणती मिळकत, हे आधी कुठेच आलेले नाही. तो शब्द सवयीने पडला आहे. वाचकाला हवी असलेली गोष्ट, म्हणजे संस्थेला अर्ज करता येतो, ती तीसेक शब्द ओलांडल्यावर हाती लागते.

तोच मजकूर मी असा लिहीन : ‘बिल्डरने जमीन आणि इमारत नावावर करून दिली नाही, तर सोसायटीला त्याच्या सहीची वाट पाहत बसावे लागत नाही. २००८ च्या सुधारणेनंतर ती थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे, अर्ज करू शकते. करारात वेगळी मुदत ठरलेली नसेल, तर बिल्डरला सोसायटीच्या नोंदणीपासून चार महिने मिळतात.’ कलम ११ आणि त्याच अधिनियमाखालील १९६४ च्या नियमांतील नियम ९ यांचा उल्लेख यानंतरच्या वाक्यात करावा. ‘करारात वेगळी मुदत ठरलेली नसेल, तर’ ही अट मी गाळलेली नाही, हे ध्यानात घ्यावे. सोपे लिहिण्याच्या नादात अट गळाली, तर लेख वाचनीय होतो आणि चुकीचाही होतो. अशा वेळी मी वाक्य लांब ठेवीन, पण अट सोडणार नाही.

आपल्या एकाच पानावर प्रवर्तक, विकासक आणि बिल्डर असे तीन शब्द एकाच माणसासाठी आले आहेत. पुनरुक्ती टाळावी हा शाळेतला धडा येथे उपयोगाचा नाही, कारण कायद्याच्या वाचकाला शब्द बदलला की अर्थ बदलल्यासारखे वाटते. एक शब्द निवडावा आणि शेवटपर्यंत तोच ठेवावा.

पानाच्या खालच्या अर्ध्या भागात सात निवाडे ओळीने उभे आहेत, त्यांतील एकाचाही घटनाक्रम दिलेला नाही. ज्या निवाड्यावर लेखाचा मुद्दा खरोखर उभा आहे त्याचीच हकिकत चार-पाच ओळींत सांगावी, न्यायालयाने काय ठरवले ते स्वतःच्या शब्दांत मांडावे आणि परिच्छेदाचा क्रमांक द्यावा. उरलेल्यांचा एका वाक्यात उल्लेख पुरे. दीड पान लांब उतारा तर कोणीच वाचत नाही, आपणही वाचत नाही. न्यायालयेही आता याकडे पाहू लागली आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा एक निकाल तो समजतच नाही म्हणून रद्द करून प्रकरण फेरनिर्णयासाठी परत पाठवले आणि निकालपत्रांत परिच्छेदांना क्रमांक व मथळे असावेत, असे सुचवले.

आणखी एक. लेख ठाण्यापुरता नसेल, तर नवी मुंबईतला वाचक पहिल्या परिच्छेदातच विचारील की आमच्या सोसायटीची जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावर आहे, तिचे काय? त्याचे उत्तर द्यावे, किंवा तो प्रश्न या लेखात घेतलेला नाही असे सुरुवातीलाच सांगावे.

प्रश्न : मी बेलापूर न्यायालयात चालवलेल्या एका दाव्यावर लेख लिहू का?
एक वाचक, सीवूड्स

उत्तर : दावा प्रलंबित असेल तर थांबावे. निकाल लागलेला असला तरी पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले लेखात येता कामा नये. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे कलम १३२ वकिलावर ते बंधन घालते आणि ते वकीलपत्र संपल्यावरही राहते. निकालपत्रात जे आहे तेवढेच वापरावे, आणि ‘आम्ही यशस्वी युक्तिवाद केला’ हे वाक्य काढावे. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ वकिलाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष जाहिरात करू देत नाही, आणि आपण चालवलेल्या खटल्याच्या संदर्भात स्वतःचे छायाचित्र छापून आणणेही त्यात येते. लेखाखाली नाव आणि वकिलीचे ठिकाण पुरे; मोबाईल क्रमांक आम्ही तसाही छापत नाही.