'मॅडम, चॅनल बंद करू का?'

जूनचा दुसरा आठवडा होता, पाऊस लागून चार दिवस झाले होते. ती माझ्या कणकवलीच्या समुपदेशनाच्या खोलीत आली, छत्री कोपऱ्यात ठेवली आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, एकच विचारायचंय. माझं चॅनल बंद करू का? हो की नाही, एवढंच सांगा."

तिला इथं सुजाता म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लिहायला तिची परवानगी आहे. वय 38, देवगड तालुक्यातलं किनाऱ्यालगतचं गाव. नवरा मुंबईत नोकरीला. घरी सासू, नववीतला मुलगा आणि सासऱ्यांनी लावलेली हापूसची चाळीस कलमं. 2020 च्या लॉकडाउनमध्ये तिनं यूट्यूबवर चॅनल सुरू केलं. चुलीसमोर सासूबाई, फोनमागे सुजाता. घावणे, खापरोळी, तवसोळी, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं. चार वर्षांत 260 व्हिडिओ झाले. सबस्क्रायबर 1,340. मिळकत शून्य.

तिला मी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मासेमारीचं चॅनल चालवणारा एक तरुण असाच आला होता. त्याचे आकडे आणि थकलेला चेहरा बघून मी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, बंद कर, दुसरं काहीतरी बघ. त्यानं त्याच रात्री चॅनल कायमचं काढून टाकलं. मग महिनाभर तो घराबाहेर पडला नाही. त्याच्या दिवसातला एकमेव खांब मी काढून घेतला होता, आणि त्या खांबावर काय काय टांगलेलं आहे हे विचारलंही नव्हतं. ती चूक माझी होती.

म्हणून सुजाताला आधी झोपेबद्दल विचारलं. रात्री दीड-दोनपर्यंत जागरण, एडिटिंग नसलं तरी. जेवण ठीक. मुलावर ओरडणं वाढलेलं. जगणं नकोसं वाटतं का, हेही स्पष्ट विचारलं. हा प्रश्न विचारायला मी कधीच लाजत नाही. ती नाही म्हणाली. हो म्हणाली असती तर चॅनलचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. हे वाचणाऱ्या कुणाचं उत्तर हो असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

मग तिला म्हटलं, चॅनल उघडा आणि मला दाखवा, तुम्हाला नेमकं काय टोचतं.

तिनं पहिलाच आकडा दाखवला तो 4.1 टक्क्यांचा. आपल्या व्हिडिओचं छोटं चित्र लोकांच्या स्क्रीनवर येतं, ते बघून किती जण त्यावर बोट ठेवतात, त्याचं हे प्रमाण. ती म्हणाली, "शंभर जणांना माझं चित्र दाखवलं तर शहाण्णव जण मला नाकारून पुढे जातात. रोज. चार वर्षं." हे बोलताना तिचा आवाज कापत होता. यूट्यूबनंच आपल्या मदतीच्या पानावर लिहिलंय की निम्म्या चॅनलचं हे प्रमाण 2 ते 10 टक्क्यांच्या दरम्यान असतं. ते पान मी तिला उघडून दाखवलं. कुणी तिला नाकारत नव्हतं. लोक अंगठ्यानं स्क्रीन वर सरकवत होते, जसे आपण सगळेच सरकवतो. ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली.

दुसरं टोचणं तासांचं. जाहिरातींचे पैसे मिळायचे तर 1,000 सबस्क्रायबर आणि 4,000 तास पाहिलं जाणं, अशी अट आहे. "2022 मध्ये माझे 3,200 तास झाले होते, मॅडम. आता 1,100 दाखवतात. एवढं करून मी मागे मागेच चाललेय." ते 4,000 तास गेल्या बारा महिन्यांतलेच धरतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या वर्षी तिचा कुळथाच्या पिठीचा एक व्हिडिओ 38,000 वेळा पाहिला गेला होता. वर्ष उलटलं तसे ते तास रोज थोडे थोडे हिशेबातून गळत गेले. मुलाच्या सांगण्यावरून वर्षभर ती शॉर्ट्स, म्हणजे छोटे उभे व्हिडिओ, टाकत होती, पण शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ या 4,000 तासांत धरतच नाहीत. शॉर्ट्सच्या वाटेनं जायचं तर नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज लागतात.

ही माहिती समुपदेशकानं द्यायची असते का, असं कुणी विचारेल. माझं मत, द्यायलाच हवी. चुकीच्या हिशेबावर माणूस स्वतःला नालायक ठरवत असेल तर आधी हिशेब दुरुस्त करायचा, भावनांचं बोलणं त्यानंतर.

पिठीच्या त्या व्हिडिओनं आणखी एक केलं होतं. तेव्हापासून प्रत्येक नवा व्हिडिओ टाकल्यावर सुजाता दर दहा मिनिटांनी फोन बघायची. हाही तसाच चालेल का? बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं की बक्षीस ठरावीक वेळेला मिळण्यापेक्षा कधीतरी, अवचित मिळत असेल तर सवय सुटायला सगळ्यात कठीण जाते. सुजाताला मी जेटीवर गरी टाकून बसणाऱ्या माणसाची आठवण करून दिली. एकदा मोठा तांबोशी लागला की तो पुढचे पंधरा दिवस रिकाम्या हातानं घरी जातो, तरी उठत नाही. ती हसली. त्या दिवशी पहिल्यांदा.

"पण मॅडम," ती म्हणाली, "फोन, माइक, लाइट मिळून 41,000 रुपये घातलेत. एकेका व्हिडिओला आठ-नऊ तास. आता सोडलं तर ते सगळं फुकट ना?"

मी विषय बदलला. विचारलं, यंदा कलमं कशी होती?

ती शेतकरी घरातली आहे, भरभरून बोलली. पहिला मोहोर आला, तुडतुड्यांसाठी फवारणी झाली, मग थ्रिप्स, मग आणखी एक फवारणी, तरी बराच मोहोर गळला. फेब्रुवारीत पुन्हा फवारायचं की नाही यावरून घरात वाद झाला. मी विचारलं, मग कसं ठरवलं? ती म्हणाली, "सासरे सांगायचे, 'मारलेली फवारणी मोजूची नाय. झाडार काय आसा ता बघूचा.' आम्ही झाडं बघितली. बारा कलमांवर फळ धरलेलं होतं, तेवढीच फवारली."

आणि ती थांबली. मी काहीच बोलले नाही.

हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या संशोधकांनी 1985 साली याच गोष्टीवर, म्हणजे गेलेल्या पैशापायी पुढचं चुकीचं ठरवण्यावर, एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यातला एक प्रश्न असा होता. तुम्ही बर्फातल्या दोन सहलींची तिकिटं काढलीत, एक 100 डॉलरचं, एक 50 चं. जास्त मजा 50 डॉलरच्या सहलीत येईल असं तुम्हालाच वाटतंय. नंतर कळतं की दोन्ही एकाच दिवशी आहेत आणि तिकिटं परत होत नाहीत. कुठे जाल? पैसे दोन्हीकडचे गेलेलेच आहेत, तरीही निम्म्याहून जास्त लोकांनी महागडी, कमी मजेची सहल निवडली. हे मी सुजाताला सांगितलं नाही. तिच्या सासऱ्यांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं.

पुढच्या भेटीला ती सासूबाईंना घेऊन आली. सत्तरीच्या, नऊवारीतल्या, पाऊसपाण्याची चौकशी करून झाल्यावर सरळ मुद्द्यावर आल्या. मी विचारलं, आजी, चॅनल बंद झालं तर तुम्हाला काय वाटेल? त्यांनी सुनेकडे बघितलं नाही. म्हणाल्या, "माका त्या चॅनलातला काय कळता? पण शूटिंग आसला की ही माझ्याशी बोलता. मीठ किती, तिरफळां कधी घालूची, तुझी आवस कशी करी, सगळा इचारता. एरवी माझ्याशी बोलूक येळ कोणाक आसा?"

सुजाता रडली. त्यानंतर जे बाहेर आलं ते चार वर्षांच्या आकड्यांखाली दबलेलं होतं. तिनं डी.एड. केलं होतं. शिक्षक भरती वर्षानुवर्षं रखडली, वय गेलं, लग्न झालं, गावात ती अमक्याची सून आणि तमक्याची बायको झाली. चॅनलवर पहिल्यांदा कुणीतरी लिहिलं होतं, 'ताई, तुम्ही किती छान समजावून सांगता.' ती कॉमेंट तिनं अजून जपून ठेवली होती. पैसे मिळायला लागले की सगळ्यांना कळेल आपण काहीतरी आहोत, असं तिनं मनाशी धरलं होतं. दुकानात, देवळात, हळदीकुंकवाला एकच प्रश्न यायचा, "किती मिळतात गो महिन्याला?" म्हणून तिनं हळदीकुंकवाला जाणंच सोडलं होतं.

आता ठरवायचं कसं? मी तिला म्हटलं, आज काहीच ठरवू नका. तुमच्या किनाऱ्यावर आता काय चाललंय? 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. होड्या वर काढलेल्या, झावळ्यांनी, ताडपत्रीनं झाकलेल्या, माणसं पडवीत जाळी विणत बसलेली. त्यांना कुणी विचारत नाही की धंदा सोडला का. तुम्हीही नारळी पौर्णिमेपर्यंत काही टाकू नका, आकडे बघू नका. चॅनल मात्र काढून टाकू नका. व्हिडिओ हवं तर प्रायव्हेट करून ठेवता येतात, पण एकदा चॅनल डिलीट केलं की ते गेलं. आणि रोज रात्री वहीत दोनच गोष्टी लिहा. आज चॅनलमधलं काय आठवलं, आणि काय आठवलंच नाही.

पहिला आठवडा वाईट गेला. दोनदा फोन आला, "मॅडम, एकदाच बघू?" एकदा तिनं बघितलंही आणि प्रामाणिकपणे सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात झोप लागायला लागली. पौर्णिमेनंतर ती वही घेऊन आली तेव्हा आम्ही ती शेजारी बसून वाचली. एडिटिंग, चित्रावर अक्षरं टाकणं, रात्रीचं मोजणं यांचा उल्लेख पहिल्या दहा पानांनंतर कुठेच नव्हता. पुन्हा पुन्हा आलं होतं ते सासूबाईंना विचारणं, आणि 'समजावून सांगणं'. एका पानावर लिहिलं होतं, 'आज शेजारच्या पोरीला अपूर्णांक शिकवले. तासभर गेला ते कळलंच नाही.'

मग तिनंच ठरवलं. कमाईसाठीचं, दर आठवड्याचं चॅनल बंद. हे शब्द तिनं माझ्यासमोर मोठ्यानं उच्चारले आणि पुन्हा रडली. मी तिला थांबवलं नाही. चार वर्षांचं काही सोडताना दुःख होणारच, त्याला घाईनं 'नवी सुरुवात' वगैरे नाव देणं मला पटत नाही. गणपतीनंतर पडवीत चार मुलं शिकायला येऊ लागली. फी अगदी थोडी. 260 व्हिडिओ जागच्या जागी आहेत, मन झालं तर ती एखादा टाकते.

सगळ्यांनी असंच करावं असं मी म्हणत नाही. गुहागरकडचा एक माणूस याच प्रश्नानं आला होता. त्याचे सबस्क्रायबर 600, तोही निराश. पण त्याच्या घरगुती निवासात उतरणाऱ्यांत बरेच जण त्याचे व्हिडिओ बघून आलेले होते. त्याचं चॅनल त्याचं काम चोख करत होतं, तो फक्त चुकीच्या खात्यात त्याचा हिशेब लिहीत होता. त्याला मी चालू ठेवायलाच सांगितलं. तुमचं चॅनल कोणत्या कामासाठी आहे, हे आधी एका ओळीत लिहून बघा. पैशासाठी असेल तर पैशाचा हिशेब कठोरपणे करा. अट पूर्ण झाली तरी मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले 55 टक्के तुम्हाला मिळतात, आणि खात्यात 100 डॉलर जमेपर्यंत ते बँकेत येत नाहीत. घरखर्च त्यावर टेकवण्याआधी स्वतःला एक तारीख द्या, आणि त्या तारखेला काय दिसलं तर थांबायचं तेही आजच लिहा. कारण त्या दिवशी मन पुन्हा आणखी एक महिना मागणार आहे. आणि शून्य रुपये मिळूनही व्हिडिओ करताना तुमचा चेहरा उजळत असेल, झोप आणि घर शाबूत असेल, तर बंद करायचं कारणच काय?

नोव्हेंबरमध्ये सुजाता शेवटची भेटून गेली. तास 900 वर आलेत, असं सहज सांगितलं, आणि मग तवसोळीत गूळ किती यावरून सासूबाईंशी झालेला वाद रंगवून सांगितला. जाताना दारात थांबली. म्हणाली, "आई अजून रोज दुपारी विचारतात, 'आज फोन लावूचो नाय?' मी म्हणते, 'नाय आई, आज तशीच बसतंय.'"