व्हिसा मिळू द्या, पाच वर्षं भरू द्या, मग राजीनामा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत सार्वजनिक धोरण विषयाच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे, वर्ग ऑगस्ट 2026 च्या अखेरीस सुरू होतील. 40 लाखांचं शैक्षणिक कर्ज साडेदहा टक्क्यांनी मंजूर झालं आहे. राज्यशास्त्रात बी.ए. केल्यामुळे गणित दहावीनंतर सुटलं, त्याची धास्ती वाटते. म्हणून एप्रिलअखेर पुण्यातली नोकरी सोडून 1,40,000 रुपयांचा तयारीचा क्लास लावावा का? पगार हातात 62,000 येतो.

तयारी नक्की करा. पण एप्रिलमध्ये राजीनामा देऊ नका, आणि हा क्लासही लावू नका.

तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की या कंपनीत 12 जुलै 2021 ला रुजू झालात. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे. कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटी पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते. तुमचं मूळ वेतन 32,000 आहे. त्याला 26 ने भागून 15 ने गुणलं आणि पुन्हा पाच वर्षांनी गुणलं की रक्कम 92,000 च्या वर जाते. चार वर्षं 240 दिवस पुरतात, असं मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे, पण त्या आधारावर कंपनीशी पत्रव्यवहार करत बसायला तुमच्याकडे वेळ नाही. पीएफचंही तसंच. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर तो करपात्र ठरतो.

आता बेरीज करू. मे ते जुलैच्या मध्यापर्यंतचा बुडणारा पगार 1,55,000, क्लास 1,40,000, ग्रॅच्युइटी 92,000. एकूण 3,87,000. हे पैसे हाताशी असले तर तेवढं कर्ज कमी उचलावं लागेल. उचललंत, तर अभ्यासक्रमाची दोन वर्षं आणि नंतरची हप्ता न भरण्याची एक वर्षाची सवलत धरून साध्या व्याजाने ते 5 लाख 9 हजारांच्या घरात जातं. पुढे दहा वर्षं दरमहा जवळजवळ 6,900 रुपयांचा हप्ता, तोही केवळ या उन्हाळ्यापोटी.

व्हिसाचाही विचार करा. 2025 च्या मे अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणं काही आठवडे थांबवलं होतं. त्या काळात नोकरी सोडून बसलेल्यांच्या घरी काय ताण असेल, याची कल्पना करा. पासपोर्टवर शिक्का बसेपर्यंत पगार चालू राहिलेलाच बरा.

तुमची भीती मात्र खोटी नाही. या अभ्यासक्रमांत पहिल्याच सत्रात संख्याशास्त्र आणि सूक्ष्म अर्थशास्त्र येतं, आणि कच्चा विद्यार्थी तिथे खरोखर दमतो. म्हणूनच बरीच विद्यापीठं वर्ग सुरू होण्याआधी स्वतःच गणिताची उजळणी घेतात; तुमच्याकडे ती आहे का, हे आजच ईमेल करून विचारा. तोवर रोज सकाळी ऑफिसआधी दीड तास काढा. खान अकादमी या मोफत संकेतस्थळावर बीजगणित आणि डेरिव्हेटिव्हपर्यंतचं कॅल्क्युलस, मग एमआयटी ओपनकोर्सवेअरवरचा, म्हणजे एमआयटी विद्यापीठाच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांमधला, सामाजिक शास्त्रांसाठीचा डेटा विश्लेषणाचा अभ्यासक्रम. तो एस्थर डुफ्लो शिकवतात, ज्यांना 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल अभिजित बॅनर्जी आणि मायकेल क्रेमर यांच्यासोबत मिळालं. आकडेवारीच्या विश्लेषणाचं ‘आर’ हे सॉफ्टवेअरही मोफत आहे. जनगणनेची जिल्हावार आकडेवारी घेऊन साक्षरता आणि स्त्री-पुरुष प्रमाण यांचा एक आलेख स्वतः काढून बघा. रिग्रेशन म्हणजे काय, म्हणजे एक आकडा बदलला की दुसरा किती बदलतो हे कसं मोजतात, ते तिथे हाताला कळेल. व्हिडिओ नुसते बघून ते होत नाही. अडलं तर एखाद्या एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याकडून तासावर शिकवणी घ्या. त्यासाठी 15,000 रुपये बाजूला ठेवा, एवढा खर्च मला मान्य आहे.

या मेहनतीला पैशाची बाजूही आहे. संख्याशास्त्रात पक्के असाल तर दुसऱ्या वर्षी त्याच विषयाचं अध्यापन साहाय्यकाचं काम मिळण्याची शक्यता वाढते. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं, त्यामुळे ते तास चांगल्या मोबदल्याचे असावेत.

विद्यापीठाला आणखी एक गोष्ट विचारा: तुमचा अभ्यासक्रम ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) म्हणून नोंदलेला आहे का? सार्वजनिक धोरणाचे सगळेच अभ्यासक्रम तसे नसतात. नसेल तर पदवीनंतर तिथे कामाचा अनुभव घ्यायला 12 महिने मिळतात. असेल तर त्यावर आणखी 24. चाळीस लाखांच्या कर्जात हा फरक क्लासपेक्षा कितीतरी मोठा आहे. उत्तर ‘नाही’ आलं, तर पहिला हप्ता उचलण्याआधी मला पुन्हा लिहा. मग कर्जाच्या रकमेबद्दलच वेगळं बोलावं लागेल.

तूर्त एचआरकडून रुजू झाल्याची तारीख लेखी मागून घ्या. शेवटचा दिवस शुक्रवार, 17 जुलै धरा. नोटीस दोन महिन्यांची असेल तर पत्र मेच्या मध्यावर द्यावं लागेल. तोवर व्हिसा झाला नसेल तर पत्र थांबवा आणि नोटिशीचे दिवस शिल्लक रजेतून वळते होतात का, हे आधीच विचारून ठेवा.