आरएसव्हीपीने बँडविड्थ राखून ठेवली, तरी लिंक भरली की आवाज का तुटतो?

तुमचा प्रश्न असा: कोथरूडहून हडपसरच्या ऑफिसपर्यंत ३०० एमबीपीएसचा टीई टनेल (एमपीएलएस नेटवर्कमधून आखून दिलेली वाट; एमपीएलएसमध्ये राऊटर पॅकेटवर चिकटवलेला लेबल नावाचा छोटा क्रमांक बघून ते पुढे पाठवतात) टाकला, तो 'अप' दिसतो, तरी गर्दीच्या वेळी व्हॉइस तुटतो. मग राखून ठेवलेली बँडविड्थ जाते कुठे, लेबल नक्की कोण देतं, आणि हेच एलडीपीवर (लेबलं वाटणाऱ्या दुसऱ्या, साध्या प्रोटोकॉलवर) जमेल का?

बँडविड्थ कुठेच जात नाही, कारण वायरवर ती कधी वेगळी काढलेलीच नव्हती. आरएसव्हीपी-टीई, म्हणजे असा टनेल उभारून बँडविड्थ मागणारा प्रोटोकॉल, फक्त हिशेब ठेवतो. मंगल कार्यालयाच्या वहीत तुमच्या नावावर ३०० पानं लिहिली आहेत, पण पंगतीच्या दारात कोणी उभं नाही. आगंतुक येऊन बसले तर वही काय करणार?

आधी लेबलांचं बघू, म्हणजे हा हिशेब कुठे होतो तेही दिसेल. मधे डेक्कन आणि स्वारगेट असे दोन राऊटर धरा. कोथरूड पाथ मेसेज सोडतो. त्यात वाट, हवी असलेली बँडविड्थ आणि लेबलची मागणी असते. लेबल मात्र नसतं. (हिंजवडीत मी इंटरव्ह्यू घेतो तेव्हा निम्मी मंडळी इथेच अडकतात.) हडपसरला पाथ पोचला की तिथून रेझ्व्ह (बँडविड्थ राखण्याचा मेसेज) उलटा निघतो आणि लेबलं त्यातून येतात. हडपसर स्वारगेटला सांगतो ३, म्हणजे इम्प्लिसिट नल: लेबल काढूनच पाठव. स्वारगेट डेक्कनला देतो समजा २४००७, आणि डेक्कन कोथरूडला २४०१२. देणारा पुढचा, लावणारा मागचा. मग डेटा निघाला की कोथरूड २४०१२ चिकटवतो, डेक्कन त्याचं २४००७ करतो, स्वारगेट ते काढून टाकतो.

रेझ्व्ह मागे येताना प्रत्येक राऊटर आपल्या पुढच्या लिंकच्या खात्यातून ३०० वजा करतो. १ जीबीपीएसची लिंक पूर्ण राखण्याजोगी ठेवली असेल तर ७०० उरले. ओएसपीएफ-टीई (राऊटरांना एकमेकांच्या लिंकची माहिती देणारा प्रोटोकॉल) ही शिल्लक सगळीकडे कळवतो आणि सीएसपीएफ (बँडविड्थसारख्या अटी पाळून जवळची वाट शोधणारी रीत) त्यावरून पुढच्या टनेलची वाट काढतो. मात्र प्रत्येक बारीक फरक लगेच कळवला जात नाही. त्यामुळे कधी हेडएंडला (टनेल सुरू होतो त्या राऊटरला) जागा दिसते, वाटेत ती संपलेली असते, आणि अ‍ॅडमिशन कंट्रोल (जागा आहे का याची तपासणी) फेल झाल्याचा पाथ एरर परत येतो. ते बिघडल्याचं लक्षण नाही, हिशेब नीट चालल्याचं आहे.

पण याच टनेलमध्ये तुम्ही ६०० ढकललेत तर तेही निमूट जातं, वेगळं पोलिसिंग (ठरल्यापेक्षा जास्तीचा ट्रॅफिक अडवणं) लावलेलं नसेल तर कोणी हटकत नाही. टनेलबाहेरचा साधा आयपी ट्रॅफिक तर या हिशेबात धरलेलाच नसतो.

तेव्हा आवाज वाचवायचा तो क्यूओएसने, म्हणजे कोणत्या पॅकेटला आधी जाऊ द्यायचं ते ठरवून. एमपीएलएस हेडरमधले ट्रॅफिक क्लासचे ३ बिट (२००९ पर्यंत यांना ईएक्सपी म्हणत) कोथरूडलाच मार्क करा आणि वाटेतल्या प्रत्येक राऊटरच्या बाहेर जाणाऱ्या इंटरफेसवर त्यांना प्रायॉरिटी क्यू द्या. मग भर गर्दीत डेक्कनच्या पॉलिसीचे काउंटर बघा. व्हॉइसच्या क्लासमध्ये शून्य पॅकेट असतील तर मार्किंगच होत नाहीये, टनेलला बोल लावू नका. एक छुपी गोम स्वारगेटला आहे: आत दुसरं लेबल नसेल तर तिथे लेबलाबरोबर ते ३ बिटही जातात आणि शेवटच्या लिंकवर पॅकेट नुसतं आयपी उरतं. तिथली क्यू डीएससीपी (आयपी हेडरमधली प्राधान्याची खूण) बघत नसेल तर हडपसरला एक्स्प्लिसिट नल, म्हणजे लेबल ०, द्यायला लावा; मग लेबल आणि ते ३ बिट शेवटच्या लिंकवरही टिकतात.

एलडीपीवर हे जमणार नाही. तो आयजीपीची (ओएसपीएफसारख्या, नेटवर्कच्या आतल्या राऊटिंग प्रोटोकॉलची) वाट धरतो आणि लेबलं वाटतो, बँडविड्थ विचारतच नाही. त्याला ती विचारायला शिकवणारा सीआर-एलडीपी निघाला होता, पण २००३ मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने त्यावरचं काम थांबवलं आणि आरएसव्हीपी-टीईवरच भर द्यायचं ठरवलं. माझ्या मते ते बरंच झालं, एकाच कामाला दोन प्रोटोकॉल सांभाळत बसण्यात काही अर्थ नव्हता.

आणि हो, आवाज दोन्हीकडून तुटतो की एकाच बाजूने, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असा टनेल एकेरी असतो. हडपसरहून परत येणाऱ्या व्हॉइससाठी तिथून वेगळा टनेल आणि वेगळं मार्किंग लागतं. कोथरूडच्या लोकांना पलीकडचं तुटक ऐकू येत असेल, तर आधी हडपसरच्या राऊटरवर जाऊन बघा.