मुरबाडकडे पहिल्यांदा मुक्कामाला जाताय? एवढं सांभाळा

पौषात ठाण्याहून कुटुंबासह चाललाय, तर वेळ अगदी उत्तम निवडलीत. पहिल्या खेपेला गड-घाट नकोत, शिवारातली चार-पाच किलोमीटरची फेरी पुरे.

सकाळी सातला निघा. माणशी एक लिटर पाणी घ्या. अर्धं पाणी संपलं की मागे फिरा, पुढचं कितीही खुणावलं तरी. नवखे इथेच चुकतात आणि भर उन्हात परततात.

भात कापलेलं रान मोकळं दिसतं, पण त्याच ओलीवर वाल पेरलेला असतो. बांधावरूनच चाला. दवाने गवत निसरडं असतं, म्हणून खाचांचे बूट हवेत. सुती मोज्यांत कुसळं रुततात, त्यावर गुळगुळीत कापडाची लांब पँट घाला.

कुंपणावर सोनेरी, मखमली शेंगा लोंबताना दिसतील. ती खाजकुयली! मुलांना आधीच दाखवून ठेवा. लव लागलीच तर चोळू नका, चोळल्याने ती आणखी पसरते. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग धुवा.

पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसा गावची, म्हणजे म्हशाची जत्रा सुरू होते, ती चुकवू नका. गुरांचा बाजार फार देखणा असतो.
- बैलाच्या मागून जाऊ नका, दावणीचे दोर ओलांडू नका.
- सुटे पैसे ठेवा, गर्दीत नेटवर्कचा भरवसा नाही.
- चुकामूक झाल्यास कुठे भेटायचं, ते उतरतानाच ठरवा.
- घोंगडी घ्यायची तर परतताना घ्या, ओझं होतं.

अंधारात अंगणात जातानाही टॉर्च आणि बूट हवेतच. पेंढ्याच्या उडव्यात हात घालू नका, तिथे साप असू शकतो.